रुख्मिणीचं मूळ

स्थळ आलं की लोक मुलीचा फोटो पाहतात. उटनूरचे गणिताचे सुधाकर मास्तर मात्र नंबर पाहत बसले! मुधोळच्या भगवंतरावांनी मुलीच्या फोटोबरोबर मास्तरकीच्या परीक्षेच्या निकालाचं कात्रण पाठवलं होतं आणि लेकीच्या नंबराखाली कौतुकानं लाल रेघ ओढली होती. १०४७२९! मास्तरांनी आठवडाभर त्याला सुचेल त्या संख्येनं भागलं. भाग म्हणून जाईना. मास्तर पार प्रेमात पडले.

"बाबा, तुमी नुसते बसा. मी दोन वाक्यांत घर जिंकतो," बसमध्ये त्यांनी वडिलांना, उद्धवरावांना सांगून टाकलं.

मुधोळला पोहे आले, पाठोपाठ रुख्मिणी आली. ती इतकी आवडली, की मास्तरांना घामच फुटला. त्या भरात ते मोठ्यानं म्हणाले, "मी सोता तपासलं जी. अस्सल मूळ हाय!"

म्हणायचं होतं 'मूळ संख्या'. 'संख्या' घशातच अडकली.

उद्धवरावांची बशी कलंडली. मूळ नक्षत्रावरची सून सासऱ्याच्या जिवावर उठते, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आणि सासरा तर तेच होणार होते!

"पोरगी मुळावरची? आन तुमी सांगतलं नाई!"

"कोन म्हनते?" भगवंतराव ताडकन उठले. "पत्रिका पाह्यली ना तुमी? माह्या लेकीले नावं काऊन ठेवून राह्यले?"

"तुमचा जावईच म्हनते!"

"अजून झाला नाई जावई!"

"आन होत बी नाई! चाल रे सुधाकर!"

"बाबा, मी नंबराचं बोलून राह्यलो!"

"कशाचं बी बोल! मूळ हाय का नाई, तेवढं सांग!"

रुख्मिणीचे डोळे भरून आले होते. मास्तरांना ते पाहवेना.

"नाई!" ते ओरडले. "मूळ नाई! तीननं भाग जाते!"

भाग कशाला जातो ते उद्धवरावांना कळलं नाही, पण संकट गेलं एवढं कळलं. ते खाली बसले. भगवंतरावही बसले. तेवढ्यात खालच्या मानेनंच रुख्मिणी बोलली.

"आकड्याईची बेरीज तेवीस येते. तीननं कसा जाईन भाग?"

शाळेतल्या पोरांना येणारा नियम! मास्तरांचे कान लाल झाले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

"तुमी गनिताचेच मास्तर ना जी?" भगवंतरावांनी हळूच विचारलं.

"खोटं बोललो," मास्तर पुटपुटले. "मूळ संख्या हाय ते. तिले दुसऱ्या कोन्याच संख्येनं भाग जात नाई. नंबर मूळ हाय, पोरगी नाई. स्थळ हातचं जाईन म्हून भेलो."

रुख्मिणीनं डोळे पुसले आणि वडिलांकडे पाहिलं.

"दादा, ह्यायले खोटं बोलताच येत नाई. मले पसंत हाय."

लग्न झालं. पण आजही मुधोळच्या पंगतीत सासरे मुद्दाम विचारतात, "जावईबापू, जिलेब्या किती वाढू?" मास्तर खाली मान घालून दोन म्हणतात, फारच भूक असली तर चार. तीन म्हणायची काही हिंमत होत नाही!