बिनपाण्याच्या काकड्या

धरण तपासायला आजच सरकारी इंजिनिअर बाई येणार असल्याचा निरोप आला तेव्हा धरणमालक दाढी करत होते. अर्धी झालेली दाढी तशीच सोडून त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. निवृत्तीनंतर लोक कुत्रा पाळतात. यांनी धरण पाळलं होतं. शेताच्या वरच्या अंगाला मातीचा भराव, त्यामागे तळं, तळ्यात एक होडी आणि रोज संध्याकाळी होडीत स्वतः मालक. भरावाच्या खाली, बरोब्बर समोर, मेहुण्याचं घर. धरण फुटलंच तर पाणी आधी कुणाकडे जाईल याचा मालकांनी विचार केला होता. काळजी तेवढी केली नव्हती.

अडचण एकच होती. भरावाच्या बाहेरच्या उतारावर एक जागा भर उन्हाळ्यातही ओली असे. गळत नाही, नुसतं पाझरतंय, अशी मालकांनी स्वतःची समजूत घातली होती. बाईंना ती पटली नसती. त्यांनी तळं रिकामं करायला लावलं असतं आणि होडी चिखलात बसली असती.

सुदैवाने नेमक्या त्या जागी बायकोने काकडीचे वेल लावले होते. पानांच्या गर्दीत ओल झाकली जाई. काकड्या मनगटाएवढ्या जाड येत आणि त्यांचं सगळं श्रेय बायको स्वतःकडे घेई. मालकांनीही तिला कधी खरं कारण सांगितलं नव्हतं.

बाई गमबूट घालून आल्या. मालकांनी त्यांना भरावाच्या माथ्यावरूनच फिरवलं. जादा पाणी वाहून जाण्याचा सांडवा दाखवला, तो मेहुण्याला घाईघाईने बोलावून नुकताच साफ करून घेतला होता. वेलांची जागा जवळ आली की मालक आकाशातले पक्षी दाखवत. बाई समाधानाने निघणार, एवढ्यात बायको काकड्या चिरून घेऊन आली.

"छान आहे हो काकडी," बाई म्हणाल्या. "पाणी किती घालता?"

"तांब्याभरसुद्धा नाही." बायको खुलली. "उन्हाळ्यातही नाही. हाताचा गुण असतो एकेकाच्या."

बाईंचं चावणं थांबलं.

"मी घालतो ना," मालक मध्येच म्हणाले. "रोज सकाळी, दोन बादल्या."

"तुम्ही?" बायकोने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "अहो, स्वतःची दाढी पुरी होत नाही तुमच्याच्याने."

मेहुणा भला माणूस. भाऊजी अडचणीत दिसल्यावर त्याला राहवलं नाही.

"घालत असणार, ताई. आमच्या परसात रोज ओहोळ येतो की त्या पाण्याचा."

"दोन बादल्यांचा ओहोळ?" बाईंनी विचारलं.

उत्तराची वाट न बघता त्या उतारावर उतरल्या आणि वेल बाजूला सारून त्यांनी पाय रोवला. पाय परत आला. गमबूट आला नाही.

मग तळं रिकामं झालं, भराव खणला गेला, नवी माती दाबून बसवली गेली. उतार ठणठणीत कोरडा झाला. वेल भरावावरून काढून बाजूच्या जमिनीत लावले, ते दोन दिवसांत माना टाकून बसले. आपला भाऊ पाण्याखाली जाता जाता वाचला याचा राग बायकोने मालकांवर काढलाच, पण हाताचा गुण गेला, हे तिला जास्त लागलं.

"तुम्ही रोज सकाळी दोन बादल्या घालताच," ती म्हणाली. "सरकारी माणसासमोर सांगितलंय."

तेव्हापासून मालक रोज सकाळी बादल्या वाहतात. मेहुणा पायरीवर चहा पीत बघत असतो.

"भाऊजी," काल तो काळजीने म्हणाला, "बादली गळतेय तुमची."

"गळत नाही," मालक न थांबता म्हणाले. "पाझरतेय."