हैबतीचा हरण्यातला हातखंडा

"प्रांतसाहेबांकडनं सहा-चारनं हरतो आन नोकरी घेऊन येतो, बघशील!" कापडे गावच्या हैबतीनं बायकोला, बनुबाईला, ठणकावून सांगितलं.

ही बढाई नव्हती हो! मुंबईच्या एका जिमखान्यात हैबती बावीस वर्षं मार्कर होता, म्हणजे पगार घेऊन साहेबलोकांशी टेनिस खेळणारा. त्याच्यासारखं हरणं कुणाला साधायचं नाही! चेंडू असा अलगद मधोमध द्यायचा, की साहेबाला वाटावं आपणच मैदान मारलं. आता अठ्ठावन्न साली महाडच्या क्लबात शिकवणाऱ्याची जागा निघाली होती. दौऱ्यावरचे प्रांतसाहेब स्वतः त्याच्याशी खेळून बघणार होते. जागा हुकली, तर हैबती पुन्हा मुंबईला आणि बनुबाई पुन्हा एकटी.

हैबतीनं गावातच कोर्ट आखलं. बनुबाईनं ते शेणानं असं सारवलं, की नुसतं बघत राहावं! सकाळी तो साहेबांना आणायला पोलादपूरला गेला. जीपमधून परतला, तर जाळ्यापलीकडे, साहेबांच्या बाजूला मधोमध भाताची रास!

"अगो, ह्ये काय?"

"येवढं गुळगुळीत खळं! शेजारच्या कोंडाजीभावजींनी भात झोडून घेतलं."

"उचला आधी!"

"रास लागली. आता पुजून मोजल्याबिगर हालायची नाय! आन साहेब, खळ्यात पायताण नाय चालत हां!"

साहेबांनी बूट काढून कडेला ठेवले.

खेळ सुरू झाला आणि हैबतीला घाम फुटला. मधोमध द्यावा तर चेंडू राशीतल्या लक्ष्मीला लागणार! जाळ्यात मारावा तर साहेबांना लबाडी कळणार! उरले दोन कोपरे. मग काय, चेंडू कधी या कोपऱ्यात, कधी त्या, अगदी रेघेवर! साहेब राशीला वळसा घालून पोचेस्तोवर तो कुंपणापार! राशीचा एक दाणा हलला नाही. सारं गाव कुंपणाशी लोटलं होतं. आपला नवरा मुंबईत काय करत होता, ते बनुबाईनं बावीस वर्षांत आज पहिल्यांदा पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले.

सहा-शून्य!

"गेली जागा," हैबती पुटपुटला.

साहेब धापा टाकत खळ्यातच बसले. "दहा वर्षं मी जाईन तिथं जिंकतोय. मला खेळता येत नाही, हे आज कळलं! सोमवारपासून महाडला या. अट एकच, माझ्याशी कधी हरायचं नाही!"

गावानं एकच जल्लोष केला. हैबती मात्र आपले गुडघे दाबून बघू लागला. पंचेचाळिशी उलटलेली, गुडघे कुरकुरताहेत, आणि आता रोज खरंच खेळावं लागणार!