भिंतीपलीकडची भाकरी

सुरेखाबाई गेल्याचं गावाला कळायच्या आधी आक्काबाईला कळलं. कुणी सांगितलं नाही. पहाटे भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज आला नाही, एवढंच.

दोन घरांत मिळून एकच भिंत होती. पलीकडे उपसरपंच चांगदेव आप्पा आणि सुरेखाबाई. अलीकडे आक्काबाई, तिचा मुलगा विनोद आणि सून रुपाली. आक्काबाईच्या घरात घड्याळ होतं, पण ती उठायची सुरेखाबाईच्या थापण्यावर. थप थप थप, मधे बांगड्यांची किणकिण, मग तव्यावर भाकरी पडल्याचा आवाज. त्या दिवशी तवा तापल्याचा वास आला आणि पुढे काहीच आलं नाही. आक्काबाई जरा वेळ थांबली आणि मग तशीच उठून पलीकडे गेली. चांगदेव आप्पा अंगणात दात घासत चहाची वाट बघत होते. आत सुरेखाबाई परातीजवळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. हाताला पीठ होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, फार त्रास झाला नसेल.

जलदान विधी झाला. पाहुणे गेले. मुलगी तेजश्री दौंडला दिलेली, ती मात्र निघेना.

"आप्पा, तुम्ही चला माझ्याबरोबर."

"आन् हे घर?"

"घराला कुलूप. तुम्हाला चहा करता येत न्हाई. खाणार काय?"

"मला सगळं येतं. तुझी आई गावाला गेली की मीच करायचो."

"आई कवा गेली हुती गावाला?"

शेवटी तेजश्रीने अट घातली. आप्पा नीट करून खात असतील तर वर्षाच्या पुण्यस्मरणापर्यंत तिची ना नाही, पुढचं तेव्हा बघू. पण मधेच उपाशी राहतायत असं कानावर आलं, तर त्याच दिवशी दौंडला यायचं, तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. उपसरपंचपदाचा राजीनामा द्यावा लागला तरी चालेल.

आप्पांना पदाचं फारसं काही नव्हतं. घर सोडायचं नव्हतं. त्या घरात सुरेखाबाई कुठे बसायच्या, कुठे पदर अडकायचा, कोणत्या फळीवर चष्मा विसरायच्या, ते सगळं जागच्या जागी होतं. दौंडच्या तिसऱ्या मजल्यावर त्यातलं काहीच नव्हतं.

पहिला महिना शेजाऱ्यांच्या ताटांवर आणि चौकातल्या मिसळीवर गेला. मग ताटं यायची थांबली आणि मिसळ पोटाला बाधली. तेजश्रीचा रोज फोन यायचा.

"काय खाल्लं?"

"भाकरी."

"कुणी केली?"

"मीच. अशी फुगली म्हणतेस, झाकणच जणू."

एकदा असं बोलून बसल्यावर आप्पांना भाकरी शिकणं भाग पडलं. आणि गुपचूप शिकणं भाग पडलं. आळीतल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं, तर आप्पांना भाकरी येत नाही ही बातमी दौंडला पोहोचायला संध्याकाळ लागली नसती. म्हणून ते पहाटे उठायचे, दार लावून घ्यायचे आणि परात पुढ्यात ओढायचे. इतकी वर्षं समोर बसून भाकरी खाल्ली होती. करताना एकदाही बघितली नव्हती. पहिल्या भाकरीचे तव्यावर पडेपर्यंत तुकडे झाले. दुसरी हाताला चिकटली ती सुटेना. तिसरी वरून जळली आणि आतून कच्ची राहिली. त्या सगळ्या मागच्या दाराने कुत्र्यांना गेल्या.

भिंतीअलीकडे आक्काबाई अंथरुणात उठून बसली.

"विनू, ऊठ. भाकरीचा आवाज येतोय."

विनोद रांजणगावच्या एका कंपनीत दुसऱ्या पाळीला होता. रात्री उशिरा आलेला, त्याची झोप पुरी झाली नव्हती. "येऊ दे की."

"आरं, आप्पाच्या घरातनं येतोय. बाई आणली त्यानं."

विनोदची झोप उडाली. तो गावाच्या ग्रुपचा अॅडमिन होता. ग्रुपचं नाव 'जनहित – आपलं गाव'. रस्त्यातला खड्डा, बंद पडलेला दिवा, कुणाची हरवलेली शेळी, असं सगळं त्यावर यायचं. पण बरेच दिवसांत जनहिताचं म्हणावं असं काही घडलं नव्हतं.

दोघांनी भिंतीला कान लावले. थप... थप. थांबून पुन्हा थप.

"हात नवा हाय," आक्काबाई म्हणाली. "खेड्यातली न्हाई. आन् ऐक, बांगड्या वाजत न्हाईत. इधवा असंल बिचारी."

रुपाली पहिल्या पाळीच्या बससाठी आवरत होती. ती म्हणाली, "आत्या, कंपनीत बांगड्या घालू देत न्हाईत. माझ्या हातात हायत का? मग मी काय आप्पांकडं जाऊन भाकऱ्या थापते?"

आक्काबाईने सुनेच्या मोकळ्या हातांकडे बघितलं. "म्हंजी कंपनीतली हाय," ती विनोदला म्हणाली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आप्पांचा आवाज आला. मऊ आवाज होता, ग्रामपंचायतीत कधी न ऐकलेला.

"बास का गं? का आजून पाणी घालू?"

पलीकडून उत्तर आलं नाही.

"बोलत न्हाई," आक्काबाई कुजबुजली. "लाजती."

"मी टाकतो ग्रुपवर," विनोद म्हणाला.

"दुसऱ्याच्या घरातलं?" रुपालीने विचारलं.

"लोकप्रतिनिधी हाय तो. त्याच्या घरात पहाटे काय चालतं ते जनतेला कळायला पायजे."

"आन् तुमच्या घरात काय चालतं ते?"

"मी कुठं निवडून आलोय?"

सकाळी ग्रुपवर संदेश पडला. 'एका जबाबदार पदाधिकाऱ्याच्या घरी पहाटे भाकऱ्या कोण थापते? जनहितार्थ प्रसारित.' नाव नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी बरोबर ओळखलं.

मग पुरावे आपण होऊन यायला लागले. गिरणीवाल्याने सांगितलं, एकटा माणूस आणि आठवड्याला एवढी बाजरी दळून नेतो, घरात किमान तिघं तरी असतील. मेडिकलवाल्याने सांगितलं, आप्पांनी भाजल्यावरचं मलम नेलं आणि विचारलं तर म्हणाले, गाडीच्या सायलेन्सरला हात लागला. दोन्ही हात कसे लागले, हे त्याला कळलं नव्हतं. आळीतली कुत्री गुबगुबीत झाली होती. आप्पा रस्त्याने निघाले की ती मागे मागे चालायची, मिरवणूक निघाल्यासारखी.

"बाई मोठ्या मनाची हाय," आक्काबाईने नळावर सांगितलं. "कुत्र्यांनाबी जेवू घालती."

ग्रामसभेत विषय निघालाच. आधी पाण्याच्या टाकीचं झालं, मग विनोद उभा राहिला.

"मला उपसरपंचांना एक विचारायचंय. जनतेच्या वतीनं."

सरपंच ताईबाई म्हणाल्या, "टाकीचं का?"

"न्हाई. भाकरीचं."

"ते विषयपत्रिकेवर न्हाई."

"आयत्या वेळचा विषय घ्या की मग."

ग्रामसेवकाने पेन उचललं आणि विचारलं, "इतिवृत्तात काय लिहू?" सगळे आप्पांकडे बघत होते. आप्पांनी भाजलेले हात मांडीखाली घेतले. त्यांना वाटलं, झालं, भाकरी येत नाही हे कळलं. आता तेजश्री येणार.

"कुणी सांगितलं तुला?" त्यांनी विचारलं.

"आवाज येतो."

"ती माझी खासगी बाब हाय," आप्पा म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली.

सभेत एकच गलका झाला. याहून स्पष्ट कबुली कुणी कशी द्यायची?

तेजश्री अजून गावाच्या ग्रुपवर होती. आधीचा संदेश तिने हसण्यावारी नेला होता. ग्रामसभेचं वाचल्यावर मात्र ती नवऱ्याला म्हणाली, "तरीच! आप्पांना एवढी फुगलेली भाकरी आली कशी, ते मला कळतच नव्हतं. करणारी दुसरीच हाय. आईला जाऊन वर्ष व्हायचंय आजून." मग तिने रडून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसून दौंडहून निघाली. बरोबर रिकामी बॅग घेतली, आप्पांचे कपडे भरायला.

ती पोहोचली तेव्हा आप्पांच्या दाराशी आधीच माणसं जमली होती. बचत गटाच्या बाया होत्या, शाली पांघरलेले पुरुष होते, कुत्री तर होतीच. विनोदने मोबाइल उंच धरला होता. कॅमेरा सुरू झाला की त्याची भाषा बदलायची.

"नमस्कार, जय भीम. आपण आत्ता उभे आहोत उपसरपंचांच्या निवासस्थानासमोर. आतून आवाज येत आहे. आपण तो ऐकूया."

थप थप. मग आप्पांचा आवाज.

"आता बघ हां. आज काठ फाटला न्हाई. दिसतंय ना तुला?"

तेजश्रीचा चेहरा उतरला. तिने दारावर हाताने धडधड केलं.

आत काहीतरी पडलं. दार उघडायला वेळ लागला. उघडलं तेव्हा आप्पा कोपरापर्यंत पिठाने भरले होते. मिशीला पीठ, कपाळाला पीठ.

"तेजू? एवढ्या सकाळी?"

"ती कुठं हाय?"

"कोण?"

"जिच्याशी बोलत हुता ती."

आप्पांनी मागे बघितलं, पुढे बघितलं, आणि बाजूला झाले. तेजश्री आत गेली. तिच्यामागे आक्काबाई, रुपाली, विनोद आणि जेवढे दारात मावले तेवढे सगळे गेले.

स्वयंपाकघरात बाई नव्हती. खाली मांडलेली शेगडी होती, परात होती, बाजरीच्या पिठाचा सडा होता. पुढच्या खोलीत बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावलेला सुरेखाबाईंचा फोटो तिथे नव्हता. तो इथे होता, पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला, तव्याकडे तोंड करून. काचेवर पिठाची बोटं उमटली होती.

"तिला दिसावं म्हणून ठेवला," आप्पा म्हणाले. "चुकतंय कुठं, ते कळंल मला, असं वाटलं."

विनोदने मोबाइल खाली घेतला. तेजश्रीने बॅग पाठीमागे लपवली.

तेवढ्यात आक्काबाई ओरडली, "आरं, भाकरी जळाली!"

ती सरळ खाली बसली, उलथन्याने भाकरी काढली आणि परातीतलं पीठ बोटाने दाबून बघितलं. "हे मळलंय व्हय? भिंत लिंपायला निघालास का? आन् वरनं पाणी फिरवलं न्हाईस?"

"फिरवायचं असतं?"

"अगं बया! पाणी फिरवायचं आन् ते वाळायच्या आत पलटायची. तुझ्या बायकोनं जन्मभर काय केलं मग?"

"मी बघितलंच न्हाई, आक्का."

आक्काबाईने परात स्वतःकडे ओढली. मग म्हणाली, "मला वाटलं, कंपनीतली कुणी बाई हाय."

"मी कंपनीतल्या बाईसारखा थापतो?"

"तिच्यापेक्षा वाईट."

"आत्या!" रुपाली म्हणाली.

तेजश्रीने जळकी भाकरी हातात घेतली, काळा भाग खरवडला आणि ठेच्याबरोबर उभ्या उभ्याच खाल्ली. चावायला बराच वेळ लागला.

"फोनवर तर झाकणासारखी फुगत हुती," ती म्हणाली.

"फोनवर फुगती गं," आप्पा म्हणाले.

ती हसली, मग डोळे पुसले. "बरं. आता न्हाई नेत मी तुम्हाला. पण पुण्यस्मरणाला येईन. तवा मला फुगलेली भाकरी पायजे. जमली तर परत दौंडचं नाव काढणार न्हाई. न्हाईतर ही बॅग हाय माझ्याकडं."

गोष्ट इथेच मिटली असती. पण विनोदने मोबाइल नुसता खाली घेतला होता, बंद केला नव्हता. गावाला माणसांची पावलं, कुत्र्यांची तोंडं आणि पिठाचा सडा दिसला, आणि बोलणं सगळं ऐकू आलं. दुपारपर्यंत घराघरात एकच वाक्य फिरत होतं.

"आप्पांनी ह्या वयात परात ओढली. तुमच्या हाताला काय झालं?"

आठवडाभरात पुरुषांचं एक शिष्टमंडळ विनोदकडे आलं. त्यातल्या दोघांच्या बोटांना मलम लावलेलं होतं.

"कशाला दाखवलंस ते?"

"जनहित हुतं."

"कसलं जनहित? मी मेल्यावर शिकणार का, असं बायको विचारतीय मला. माझं घरात बसणं मुश्कील झालंय. माणसाच्या स्वैपाकघरात काय चालतं, ते त्याच्या घरातच राहायला पायजे."

ज्यांनी ग्रामसभेत सर्वांत मोठा गलका केला होता, तेच हे म्हणत होते. विनोदने त्याच संध्याकाळी ग्रुपवर नियम टाकला. 'यापुढे कुणाच्याही खासगी आयुष्याबद्दल काहीही टाकू नये.' पुरुषांनी भराभर अंगठे टाकले. खाली रुपालीने लिहिलं, 'मान्य. माझी उद्या पहिली पाळी हाय. पीठ डब्यात हाय.'

आक्काबाईला आता उठायला घड्याळ लागत नाही. पहाटे भिंतीपलीकडून थप थप येतं आणि भिंतीअलीकडूनही येतं. बांगड्या कुठेच वाजत नाहीत. ती अंथरुणातूनच एकदा इकडे ओरडते, "विनू, पीठ मळ नीट!" आणि एकदा तिकडे, "चांगदेव, पाणी फिरव!"

सुरेखाबाईंचा फोटो दिवसा भिंतीवर असतो आणि पहाटे पिठाच्या डब्याजवळ. पुण्यस्मरण जवळ आलं आहे. आप्पांची भाकरी आता गोल होते. काठ फाटत नाहीत, कुत्री वाळली आहेत.

भाकरी अजून फुगलेली नाही.