भुऱ्याचा पट्टा

मोहटोल्यात विहिरी होत्या पाच, आणि भैय्यालालला डोकवायचं होतं सात विहिरींत. कुत्रा चावला की सात विहिरींत आपलं तोंड पाहून यायचं, मग विष चढत नाही, असं त्याच्या बायकोचं, चंद्रकांताचं म्हणणं होतं. तिच्या आईचंही तेच म्हणणं होतं, आणि ज्या गोष्टीवर या मायलेकींचं एकमत व्हायचं ती गोष्ट घरात कायदा होऊन बसायची. म्हणून पोटरीवर मिरचीचा लेप, त्यावर जुन्या धोतराचं फडकं आणि डोळ्यांत पाणी, अशा थाटात भैय्यालाल सकाळपासून गावभर लंगडत फिरत होता. चार विहिरी झाल्या होत्या. सहावी म्हणून शाळेचा हौद आणि सातवी म्हणून आपल्याच सायकलच्या दुकानातलं पंक्चर पाहायचं घमेलं चालवून घ्यायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण पाचवी विहीर केशवरावांच्या वाडीत होती, आणि कुत्राही केशवरावांचाच होता.

केशवराव म्हणजे तळ्याखालच्या निम्म्या धानाच्या बांध्यांचे, भातखाचरांचे मालक. त्यांचा भुऱ्या दिवसभर तळ्याच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, मोकळा असायचा. शाळेची पोरं, धुण्याच्या बायका, टमरेल घेऊन निघालेले म्हातारे, सगळ्यांचा रस्ता त्या पाळीवरूनच. भुऱ्या अंगावर धावून गेला की केशवराव खाटेवरूनच ओरडायचे, "भेऊ नोका जी, काही करत नाही तो! खेळून राहिला!" तोवर म्हातारा टमरेल सांडून घराच्या वाटेला लागलेला असायचा. त्या सकाळी भुऱ्या सायकलवरच्या भैय्यालालच्या पोटरीशी खेळला होता.

"काय पाहून राहिला रे भैय्या आमच्या विहिरीत?"

"तोंड पाहून राहिलो जी. तुमचा भुऱ्या चावला मले."

"आमचा भुऱ्या?" केशवराव खाटेवर उठून बसले. "भुऱ्या कोणाले चावत नाही. साऱ्या गावाले माहीत आहे."

"हे पाहा ना जी, रगत."

"मंग तो भुऱ्या नसन. आमचा कुत्रा चावत नाही. आन् चावला असन, तर तो आमचा नव्हे."

केशवरावांच्या खाटेखाली भुऱ्या पडला होता आणि भैय्यालालच्या पायजम्याचा तुकडा मन लावून चघळत होता.

"मंग हा कोण हाये जी?"

केशवरावांनी वाकून खाटेखाली पाहिलं. भुऱ्यानं शेपूट हलवलं. "हा? येते असाच कधीमधी," ते म्हणाले. "गावाचं कुत्रं आहे."

अशी माणसं असतात बाप्पा. कुत्रा चोराला धरेल तेव्हा आपला, माणसाला धरेल तेव्हा गावाचा.

दुपारच्या एस.टी.नं भैय्यालाल भंडाऱ्याला सरकारी दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी आधी मिरची धुऊन काढली आणि ती लावणाऱ्याचा उद्धार केला. मग विचारलं, "कुत्रा कोणाचा आहे?"

"गावाचा म्हणते जी."

"गावाचा असो की देवाचा, तो डोळ्यांसमोर राहिला पाहिजे. मालकाला सांगा, बांधून ठेवा. दहा दिवस जगला तर तो पिसाळलेला नाही, मग तुम्हाला काहीच करायला नको. दहाव्या दिवशी येऊन सांगायचं. त्याच्या आत मेला किंवा पळाला, तर मात्र लगेच यायचं. पोटात चौदा इंजेक्शनं."

शेजारी कंपाउंडर सुई उकळत होता. त्यानं ती चिमट्यानं उचलून दाखवली. दाखवायची काही गरज नव्हती.

पण भैय्यालालची खरी भीती सुईची नव्हती. लहानपणी सिहोऱ्याला मामाच्या घरी त्यानं पिसाळलेला माणूस पाहिला होता. मामाचा सालदार होता तो. खाटेला दोरांनी बांधलेला, तहानेनं तडफडणारा, आणि पाण्याचा लोटा पुढं केला की किंचाळणारा. त्याची बायको दाराआड उभी राहून ऐकत होती. तो आवाज भैय्यालालच्या कानातून कधी गेलाच नाही. परतीच्या एस.टी.त एकानं बाटलीतून पाणी प्यायला दिलं, तेव्हा त्यानं डोळे मिटून एक घोट घेतला. घोट खाली गेला आणि त्याला रडू आलं.

संध्याकाळी तो पुन्हा केशवरावांकडे गेला. "दहा दिवस बांधून ठेवा जी त्याले. पाया पडतो."

"मी कायले बांधू? बांधला की लोक म्हणतीन, केशवरावचाच कुत्रा होता. उद्या तुले काही झालं तर माह्या डोक्यावर!"

इथं भैय्यालालनं चूक केली. सरळ माणूस करतो तीच चूक. तो न्याय मागायला सरपंचाकडे गेला.

सरपंच लक्ष्मणराव केशवरावांचे व्याही होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हळहळले, चहा पाजला. "तुह्यं म्हणणं बराबर आहे, भैय्या. मोकळ्या कुत्र्यांचा बंदोबस्त व्हालेच पाह्यजे. पण व्याह्याले एकट्याले कसं बोलू? नातं आहे. त्यापेक्षा साऱ्याच कुत्र्यांचा निकाल लावतो!"

दुसऱ्या सकाळी पंचायतीचा चपराशी श्रावण डफडं वाजवत आला. "ऐका हो, ऐका! ज्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नाही, तो बेवारशी समजल्या जाईन! उद्यापासून औषध टाकल्या जाईन हो!"

औषध म्हणजे काय, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. तासाभरात गावातल्या कुत्र्यांच्या गळ्यात बैलांच्या गळ्यातल्या जुन्या गेठ्या, चपलांचे अंगठे, कोणाच्या परकराची नाडी, जे मिळेल ते चढलं. भुऱ्याचा गळा तेवढा मोकळा. पट्टा घातला की मालकी आली, आणि मालकी आली की भैय्यालालची पोटरी आली. केशवराव खाटेवर पडून आभाळाकडे पाहत राहिले.

भैय्यालालनं हिशेब केला. भुऱ्याला औषध, म्हणजे आपल्याला चौदा सुया. आणि भुऱ्या मुळातच पिसाळलेला असला तर? कळणार कसं? तो घरी धावला, कालच्या दोन भाकरी घेतल्या, पाळीवर जाऊन बसला आणि ज्यानं लचका तोडला त्याला हातानं खाऊ घालू लागला. भुऱ्यानं भाकरी खाल्ली, हात चाटला आणि निमूट मागोमाग दुकानात आला. भैय्यालालनं सायकलची जुनी ट्यूब त्याच्या गळ्यात बांधली आणि दुसरं टोक खांबाला.

"हे चालत नाही," दारातून श्रावण म्हणाला.

"काहून?"

"ट्यूब आहे. सरपंच म्हणे पट्टा. ट्यूब कोणाच्याही गळ्यात अडकू शकते. बाकीच्याइचे मालक तरी आमचं कुत्रं म्हणून सांगते, याचा मालकच नाही म्हणते. मले उद्या विचारतीन. पट्टा दिसला तर मी सोडतो, नाही दिसला तर टाकतो. माह्या नोकरीचा सवाल आहे, भैय्याभाऊ."

गावात खरा पट्टा एकच होता. चामड्याचा, पितळी बकलाचा, साळ्यानं नागपूरहून लग्नात आणलेला. भैय्यालालनं तो स्वतःच्या कमरेचा सोडला आणि भुऱ्याच्या गळ्यात बांधला. खिळ्यानं नवं भोक पाडावं लागलं. चंद्रकांता पाहतच राहिली.

"अवो, त्यानं तुमचा पायजमा फाडला, आन् आता पॅन्टचा पट्टाबी त्यालेच?"

"तो जगला तर मी जगतो. तुले कुकू पाह्यजे का पट्टा पाह्यजे?"

तिनं भुऱ्याला दूध ओतलं.

आता घरात भुऱ्याचं पाणी पिणं हा सोहळा झाला. सकाळी घमेलं पुढं ठेवलं की नवरा, बायको आणि सासू श्वास रोखून उभे. भुऱ्या वाकायचा, वास घ्यायचा, लपलप पाणी प्यायचा. "पेला! पेला!" सासू देवाला हात जोडायची. मग भैय्यालाल स्वतः एक लोटा पाणी पिऊन दाखवायचा. एकदा भुऱ्या शिंकला, तर भैय्यालाल दोन घास जेवला नाही. ऊन तापलं म्हणून भुऱ्या जीभ बाहेर काढून लाळ गाळू लागला, तर सासूनं आपली बोचकी बांधली. गिऱ्हाइकं दुकानाची पायरी चढेनात. गल्लीतली पोरं भैय्यालालला पाहून भुंकायची आणि तोही भुंकतो का, याची वाट पाहायची.

पण चांगलं खायला घालणाऱ्याशी वैर धरावं, एवढी अक्कल कुत्र्याला नसते. भुऱ्या भैय्यालालच्या पायाशी, नेमका त्या चावलेल्या पोटरीला पाठ लावून निजू लागला. भैय्यालाल परसाकडे गेला तरी हा मागून कुईकुई करायचा. भैय्यालाल पंक्चर काढताना त्याच्याशी बोलायचा. "मरू नोको लेका," म्हणायचा. आधी स्वतःसाठी म्हणायचा. पुढं पुढं कोणासाठी म्हणतो, ते त्याचं त्यालाच कळेना.

दहावा दिवस उजाडला. भुऱ्या टुणटुणीत. भैय्यालालनं भंडाऱ्याला जायला पॅन्ट चढवली, तर ती सरळ गुडघ्यांवर आली. आधीच सैल, त्यात काळजीनं माणूस वाळलेला. त्यानं सुतळी बांधली.

"सुतळी लोंबवत डाक्टरपुढं जाता?" चंद्रकांता म्हणाली. "लोक म्हणतीन, लागलं येड. दिवसभराचा तं सवाल आहे. घ्या पट्टा, मी दार लावून ठेवतो त्याले."

त्यालाही पटलं. पट्टा काढला, ट्यूब बांधली, दाराला कडी लावली. भुऱ्या आतून दार खरवडत होता.

डॉक्टर खूश झाले. "वा! आजचा दिवस निघू द्या. उद्या सकाळी जिवंत दिसला की तुम्ही सुटलात." भैय्यालालनं बाजारातून स्वतःसाठी काही घेतलं नाही, भुऱ्यासाठी खाटकाकडची हाडकं घेतली. एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही त्यानं सांगितलं, "आमचा कुत्रा लय गुणाचा आहे."

मोहटोल्याच्या फाट्यावर उतरला, तेव्हा तळ्याच्या पाळीवर लोक जमलेले दिसले.

चंद्रकांता सरपण घ्यायला दार उघडून बाहेर आली, तेवढ्यात भुऱ्यानं ट्यूब तोडली होती. मालक ज्या वाटेनं गेला, त्या वाटेनं तो वास घेत सुसाट निघाला होता. पाळीवर श्रावण औषध घातलेली भजी टाकत होता. आता भुऱ्या फाट्याकडे तोंड करून आडवा पडला होता, पाय ताठ, तोंडाला फेस.

"मी गळाच पाह्यला, भैय्याभाऊ." श्रावणच्या डोळ्यांत पाणी होतं. "ट्यूबचा तुकडा होता. ट्यूब चालत नाही, तुमाले सांगतलं होतं ना मी."

आणि मध्ये, भुऱ्याच्या उशाशी, केशवराव बसले होते. खांद्यावरचं उपरणं डोळ्यांना लावून मोठ्यानं रडत होते. "माहा भुऱ्या गेला जी! लेकरासारखा वाढवला होता! भैय्या, तुह्या भरोशावर ठेवला मी त्याले, आन् तू पट्टा काढला? कुत्रा सांभाळता येत नाही तर ठेवावा कायले?"

भैय्यालालच्या तोंडून कसंबसं निघालं, "चावला तवा तुमचा नव्हता जी."

"चावला? कोणाले? तुले?" केशवरावांनी रडणं थांबवून त्याला खालीवर पाहिलं. "मंग तू धडधाकट कसा? भुऱ्या चावलाच नाही. मी पह्यल्यापासून सांगून राहिलो, आमचा कुत्रा चावत नाही!"

लोकांनी माना डोलावल्या. कोणी केशवरावांना हाताला धरून घरी नेलं, कोणी त्यांच्यामागून गेलं. बघता बघता पाळ मोकळी झाली. भुऱ्याला उचलायला कोणी थांबलं नाही. भैय्यालालनं घरून कुदळ आणली, मोहाच्या झाडाखाली खड्डा केला आणि त्याला पुरलं. हाडकांची पुडी आत ठेवली. मग तो मातीवर बसून हुंदके देऊन रडला.

"विषानं मेला की रोगानं, हे आता कोण सांगणार?" दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले. "तोंडाला फेस दोन्हीतही येतो. जिवाशी खेळ नको. सुरू करा."

कंपाउंडरनं त्याला टेबलावर झोपवलं आणि सुई भरता भरता विचारलं, "मालक कोण आहे कुत्र्याचा?"

भैय्यालाल छताकडे पाहू लागला.

"अहो, मालक कोण?"

"मी."

"स्वतःचाच कुत्रा चावला?"

"हो जी."

"धन्य आहे!" कंपाउंडर तापला. "कुत्रे पाळता, मोकळे सोडता आन् मंग इथं येऊन बोंबलता. बांधून ठेवाले काय होते? तुमच्यासारख्या लोकाइमुळेच मुकं जनावर जीवानिशी जाते."

"बराबर आहे जी," भैय्यालाल म्हणाला.

"चला, पोट उघडं करा. पट्टा काढा."

भैय्यालालचा हात बकलावर गेला आणि तिथंच थांबला. चामड्यावर खिळ्यानं पाडलेलं भोक होतं, आणि बकलात दोन भुरे केस अडकले होते.

"सुईले आत्ताच भेऊन राहिले? आणखी तेरा बाकी आहेत. पट्टा काढा म्हणतो ना!"

भैय्यालालनं पट्टा काढला आणि सुई टोचून होईपर्यंत तो दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.