पॅनलवरचं कोकण

लालबागच्या एका कॉलेजात भिंतीएवढा डिजिटल पॅनल आला आणि भूगोलाच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात दोन पक्ष पडले. "दौलत सर खडूनं एका दमात कोकण किनारा काढतात, तो बघायला तर आपण येतो," हा अजितचा पक्ष. "काढतात भारी, पण पुसल्यावर आपल्याकडे काय राहतं? पॅनलवर सेव्ह तरी होतं," हा मेघनाचा. पॅनल महिनाभर वापरून बघायला आणला होता, तोही मेघना प्राचार्या अनुजा मॅडमच्या मागे हात धुऊन लागली म्हणून. आज मॅडम तास बघणार होत्या आणि मग मुलांनाच विचारणार होत्या, ठेवायचा की परत पाठवायचा.

दौलत कांबळी सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. मेघनानं दिलेलं पॅनलचं पेन त्यांनी जपून खिशात ठेवलं. "मॅडम यायच्या आत जरा तालीम करूया," ते म्हणाले, आणि तिथेच घात झाला. कारण कोकण म्हटलं की सरांना पॅनल काय, स्वतःचं नाव आठवत नाही. हात खिशात गेला आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर लिहायचा मार्कर घेऊन बाहेर आला. डहाणू ते तेरेखोल, एका दमात. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

"सर," मेघनाचा चेहरा पांढराफटक पडला होता, "हे पॅनलचं पेन नाहीये. परमनंट मार्कर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे जाणार नाही."

"देवा महाराजा!" सरांनी रुमालानं घासलं. कोकण जागचं हललं नाही. अजितनं पाण्याची बाटली उघडली.

"ए, थांब!" मेघना ओरडली. "पाणी नाही, स्पिरिट नाही, काही लावायचं नाही. कंपनीवाल्यानं बजावलंय."

"मग काय, फुंकर मारू?"

त्यानं खरोखरच मारली. तेवढ्यात दारात मॅडम. मेघनानं घाईघाईनं पॅनल चालू केला. मागे पांढरा उजेड पडला आणि किनारा असा काही उठून दिसला की मॅडम दारातच थांबल्या.

"वा! रेषा किती ठसठशीत येते हो!"

"एकदम पक्की आहे, मॅडम," अजित म्हणाला.

"झूम होतं ना?"

सरांना घाम फुटला. "मुलांनो," ते म्हणाले, "बाकं पुढे ओढा." सगळा वर्ग खडखडाट करत पुढे सरकला. "झालं झूम."

मॅडम हसल्या आणि त्यांनीही आपली खुर्ची पुढे घेतली. मेघनानं सह्याद्रीतल्या पावसाचा फोटो लावला. नकाशा होता तिथेच.

"अरेच्चा, हा जात नाही?"

"किनारा कायम, मॅडम. मागे फक्त ऋतू बदलतात," सर म्हणाले. बोलता बोलता त्यांची भीती पळाली. खाड्या कशा आत शिरल्या, देवगडचा हापूस देवगडलाच का, सगळं रंगात येऊन सांगितलं. मेघनासुद्धा वही विसरून ऐकत राहिली. असा तास बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

तास संपल्यावर मॅडमनी उठून हौसेनं पॅनलवर हात फिरवला. एकदा, दोनदा. मग त्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी खिशातला मार्कर काढून टेबलावर ठेवला.

मॅडमनी तो उचलून त्यावरचं 'परमनंट' वाचलं आणि त्या हसत सुटल्या, इतक्या की त्यांना पहिल्या बाकावर बसावं लागलं. "आता हा कुठल्या तोंडानं परत पाठवू मी? ठेवावाच लागणार. पण ठरलंय तर विचारते. पॅनल कुणाला हवा?"

पहिला हात अजितचा. मागोमाग सगळ्यांचे.

"तू? तू तर खडूवाला ना रे?"

"मॅडम, सरांचं कोकण पहिल्यांदाच सेव्ह झालंय."

"बरं. आणि खडू?"

एकच हात वर झाला. मेघनाचा.

सरांना मनापासून वाईट वाटलं. "अगं, तूच तर आणलास ना हा पॅनल?"

"पॅनल मस्तच आहे, सर," मेघना म्हणाली. "पण उद्या तुम्ही पूर्व किनारा शिकवणार आहात."