पहिलवानाची पाठवणी

दामिनीचा फोन आला तेव्हा वाल्मिक शेततळ्यावरच होता. ही त्याची लेक मत्स्यशास्त्र शिकून समुद्राकाठच्या एका मत्स्यबीज केंद्रात लागली होती. तिथे जिताडा माशाची पिल्लं तयार करायची होती, पण टाकीतले जिताडे काही केल्या अंडी घालत नव्हते. "बाबा, आपल्या तळ्यातला मोठा मासा द्याल का?" तिने विचारलं.

वाल्मिकची छाती फुगली. दामिनीनेच काही वर्षांपूर्वी आणून सोडलेल्या जिताड्याच्या पिल्लांतला तो एकटा उरला होता. मांडीएवढा जाड, पाण्यावर शेपूट आपटली की बगळे उडायचे. वाल्मिकने त्याचं नाव पहिलवान ठेवलं होतं. दारी आलेल्याला चहाआधी पहिलवान दाखवायची त्याची रीत होती. आता तर सरळच होतं, तिकडच्या माद्या खोळंबल्या होत्या आणि आपल्या टोकावडे गावचा नवरदेव हवा होता. संध्याकाळपर्यंत ही बातमी गावच्या धाब्यापर्यंत पोचली.

टेम्पोवाल्या जगनने गाडीला झेंडूच्या माळा बांधल्या. वाल्मिकच्या बायकोने, सुंदराने, पाण्याच्या टाकीला हळदीकुंकू लावलं. टाकीत हवा सोडायचं यंत्र घरघरू लागलं तसा कोणीतरी ताशा आणला. मग वऱ्हाडाशिवाय नवरदेव कसा धाडायचा म्हणून गावातली पाच-सहा माणसं टेम्पोत चढली. जाताना वाटेतल्या प्रत्येक गावाला जगनने हॉर्न वाजवून कळवलं.

केंद्राच्या दारात ताशा ऐकून दामिनी धावत बाहेर आली. तिने कपाळाला हात लावला आणि टाकी आत घ्यायला सांगितली. माशाला औषधाच्या पाण्यात गुंगी आणून तिने पोटाजवळून बारीक नळी आत घातली, नळीत आलेलं काचेवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. वऱ्हाड मान उंचावून उभं होतं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ही मादी हाय."

ताशेवाल्याने काठ्या बगलेत मारल्या. वाल्मिक म्हणाला, "असं कसं? येवढा गडी."

तिने समजावलं. जिताडा लहानपणी नर असतो आणि वाढला की त्याची मादी होते. "मी मासा द्या म्हटलं. नवरदेव कोणी सांगितला तुमाला?"

खरं तर केंद्रात नर भरपूर होते, अडलं होतं ते धडधाकट मादीवाचून. केंद्राचे साहेब खूश झाले, सगळ्यांना जेवण दिलं. वाल्मिकने मात्र ताट तसंच बाजूला सारलं. परतताना टेम्पो प्रत्येक गावापाशी थांबत होता आणि जगन खाली उतरत होता. वाल्मिक घरी पोचण्याआधीच धाब्यावर कोणीतरी विचारलं, "काय वाल्मिकदादा, पहिलवानबाई सुखरूप पोचल्या ना?"

पुढे बरेच दिवस तो धाब्याकडे फिरकला नाही. दामिनी फोनवर सांगत राहिली. माशाला खाऱ्या पाण्याची सवय होतेय, खातेय, पोट अंड्यांनी भरलंय. पण टाकीत ना भरती ना ओहोटी, त्यामुळे अंडी सोडायचा निरोप मेंदूकडून निघतच नाही. तो निरोप आता इंजेक्शनने द्यायचा होता. पहिलं वाया गेलं. साहेब म्हणाले, सोडून देऊ. दामिनी म्हणाली, माझ्या जबाबदारीवर आणखी एकदा. हे ऐकून सुंदराने देवीला नारळ बोलला.

आणि एका सकाळी फोनवर दामिनीचा आवाज आनंदाने फुटत होता. "बाबा, अंडी घातली. पिल्लंबी निघाली. सगळी टाकी वळवळतेय. साहेब म्हणले, दामिनी, हे तुझं काम."

वाल्मिकने फोन सुंदराच्या हातात दिला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. सुंदराने विचारलं, पोरगे का पोरी? सगळे आधी पोरगेच होणार, दामिनी हसत म्हणाली, पोरी मागनं होतील.

त्याच दिवशी वाल्मिक मुरबाडच्या बाजारातून मिठाईचा खोका घेऊन आला आणि ताठ मानेने धाब्यात शिरला. जगनने खोका उघडला.

"दादा, पोरगे झाले ना? मग पेढे आणायचे. जिलबी तर पोरीची वाटतात."

"पोरीचीच हाय."

"कुठल्या पोरीची?"

"दोघींची," वाल्मिक म्हणाला आणि खोका पुढच्या बाकावर सरकवला.