मुकी नवरी

धडधाकट नळाला आजारी ठरवून त्याच्यासाठी पुन्हा पुन्हा प्लंबर बोलावणारी बाई मी आहे. नळ माझा नव्हता, शेजारच्या यमुनाबायचा. प्लंबर ओट्याखाली वाकायचा, चावी फिरवायचा आणि पाणी फस्सकन त्याच्या तोंडावर उडायचं. "ताई, नळाला काही झालेलं नाही," तो शर्टाने तोंड पुसत सांगायचा. मी म्हणायचे, नीट बघ. नळ चांगला असता, तर ही बाई रोज सकाळी हंडा घेऊन गल्लीतल्या जुन्या नळावर कशाला गेली असती? मी तेव्हा गावच्या पाणी समितीची सेक्रेटरी होते. सेक्रेटरीला न कळणारी गोष्ट जगात नसते, असं मला मनापासून वाटायचं.

यमुनाबाय मात्र प्लंबर आला की खूश. त्याला चहा, वर बोंबलाची चटणी आणि भाकरी. त्याची आई कुठली, बहिणीचं लग्न ठरलं का, सगळं विचारून व्हायचं. तो निघाला की दारापर्यंत जाऊन म्हणायची, "परत ये रं, नल कवा बिघरंल सांगता येत नाय."

विचुंब्याच्या बाजूचं आमचं छोटं गाव. मी पनवेल शहरातून आलेली सून, त्यामुळे गाव सुधारणं हे माझ्याकडेच सोपवलंय अशा थाटात वावरायचे. पूर्वी अख्ख्या गावाला गल्लीतला तो एकच नळ. पाणी यायच्या आधीच हंडे रांगेला लागायचे आणि मी खांद्याच्या सेफ्टी पिनेला शिट्टी अडकवून उभी. कोणी मध्ये घुसलं की शिट्टी. शिट्टीला कोणी भीक घालायचं नाही. घुसणारीला मागची कोपराने ढकलायची, नावं घेऊन शिव्या व्हायच्या, त्यातच काल कोणाकडे पाहुणे आले आणि कोणाची सून रुसली तेही कळायचं. हे सगळं मला मागासलेपण वाटे. माझी अक्कल बघा.

मग आम्ही बायकांनीच ठरवलं की घराघरात पाणी आणायचं. ज्याच्या दारापुढचा चर त्याने खणायचा. यमुनाबायने आपला चर खणून टाकला आणि गल्लीतल्या एका बाळंतिणीच्या दारापुढे जाऊन तिचाही खणायला घेतला. कुदळ मारता मारता ती लग्नातले धवळे गायला लागली. मी म्हटलं, यमुनाबाय, इथे लग्न कोणाचं आहे? म्हणाली, "पानी घरान येतंय ना? मंग नवरीच ती."

पहिल्यांदा नळाला पाणी आलं तेव्हा तिने तोटीला हळद-कुंकू लावलं, पेला पुढे धरला, एक घोट घेतला आणि कान देऊन उभी राहिली. कशाची वाट बघत होती कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी हंडा कमरेवर, स्वारी गल्लीत. मी विचारलं, काय झालं? "नवरी मुकी निंगाली," एवढंच बोलली. मी लगेच प्लंबरला फोन लावला.

त्यापुढे तिचं हेच एक पालुपद. घरचं पाणी गोड आहे का? मुकं हाय. प्रेशर बरं येतं का? मुकं हाय. तिचा मुलगा उलव्याला फ्लॅटमध्ये राहायला गेला होता. तो सणाला यायचा तेव्हा आईला फिल्टर घ्यायचा का विचारायचा. ती त्यालाही तेच सांगायची. जुन्या नळावर आता गोधड्या धुवायला दोन-चार म्हाताऱ्या येत, तेवढ्याच. ही आपला हंडा भरी, घरी जाऊन तुळशीला ओती, की पुन्हा हजर.

शेवटी मी ठराव आणला की जुना नळ काढून टाकायचा. चिखल होतो, डास होतात, शाळेची रिक्षा वळत नाही. सगळ्यांनी हात वर केले. विरोधात कोण, विचारल्यावर यमुनाबायने दोन्ही हात वर केले. मी म्हटलं, एका माणसाचा एकच हात. ती म्हणाली, दुसरा हंड्याचा. सगळे हसले. मी तर ठराव मंजूर म्हणून शिट्टीच वाजवली.

आता यमुनाबाय नाही. तिच्या घराच्या जागी बिल्डिंग उभी आहे आणि गल्लीत रिक्षा अगदी झोकात वळते. शिट्टी नातीने खेळायला नेली. सकाळी मी स्वयंपाकघरात एकटी हंडा भरत उभी असते. नात म्हणते, आजी, बटण दाबलं की फिल्टरचं पाणी येतं, हंडा कशाला भरतेस? मी भरत राहते. कधी कधी मात्र कोपर उगाच बाजूला सरकतं, मागे कोणी असल्यासारखं.

नळ काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यमुनाबाय माझ्या मागच्या दारी आली होती. रिकामा हंडा पायरीवर ठेवला आणि शेजारी बसली. माझी कामाची घाई. मी फोन उचलला नि म्हटलं, पुन्हा बिघडला का नळ? थांब, आत्ता माणूस पाठवते. तिने माझा पदर धरून मला खाली बसवलं.

"मानूस नको धारू, बाय. नल बरा हाय. पन घरान हांडा लावला का मना कोन बोलत नाय, 'सरक गो यमुने, माजा नंबर हाय.'"